मातीचा परवाना

जिंतूर तालुक्यातील आमच्या गावात पावसाळ्यात घराबाहेर पडलेला माणूस परत येतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक चपलेला किलोभर माती चिकटलेली असते आणि ती तो उंबऱ्याबाहेरच्या दगडावर खरवडून टाकतो. या मातीची चौकशी करणारा किंवा तिच्याकडे कागदपत्रे मागणारा माणूस मला वयाची सत्तावीस वर्षे भेटला नव्हता. तो भेटला तेव्हा कळले की, परदेशी जाण्यासाठी मला जे कागद लागले, त्यांहून अवघड कागद माझ्यासोबतच्या दोन किलो मातीला लागणार होते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, म्हणजे १९७२ साली, ऐन दुष्काळाच्या वर्षी स्थापन झालेल्या विद्यापीठात, मी काळ्या मातीवर पीएच.डी. करीत असताना मला जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची अल्पमुदतीची शिष्यवृत्ती मिळाली. या संस्थेच्या आद्याक्षरांचा उच्चार आमच्याकडे ‘डाड’ असा करतात. आजीला कमी ऐकू येत असल्यामुळे तिने पहिल्याच दिवशी गल्लीत सांगून टाकले की, नातीची दाढ काढायला तिला जर्मनीला नेत आहेत. नंतर पंधरा दिवस येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्या गालाकडे सहानुभूतीने पाहत असे आणि लवंगेचे तेल लावून पाहिले का, असे विचारत असे.

माझ्या वडिलांनी, आबांनी मात्र बरोबर ऐकले होते, आणि त्यांची शंका अधिक अवघड होती. “आगं, ह्या मातीत आमची हयात गेली, आन् तू तीच माती पाह्यला जर्मनीला चाललीस?” माझा संशोधन आराखडा अकरा पानांचा होता, पण या प्रश्नाचे उत्तर त्यात कोठेही नव्हते.

व्हिसासाठी देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला दोन खेपा झाल्या. शिष्यवृत्ती ऑक्टोबर ते डिसेंबर अशी तीन महिन्यांची, म्हणजे ९२ दिवसांची, आणि व्हिसा मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा. त्यामुळे १ ऑक्टोबरला पाऊल ठेवायचे आणि २९ डिसेंबरला निघायचे, असा हिशेब मला बोटांवर तीनदा करावा लागला. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा होता. ही रक्कम रुपयांत किती होते ते ऐकल्यावर आबांनी हातातले पान खाली ठेवले आणि पीकविम्याच्या दीर्घ अनुभवातून आलेले प्रश्न एकामागून एक विचारले: आजारी पडल्यावर ७२ तासांच्या आत कळवावे लागते का, पंचनामा कोण करते, आणि त्यासाठी तलाठी तिकडे येतो का? मी धडधाकट परत आले तर हप्ता बुडणार, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मुलीने थोडेसे आजारी पडावे, असा विचार त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेला असावा, असा मला आजही संशय आहे.

आता मातीकडे येते. भारतातून युरोपीय संघात माती नेण्यास मनाई आहे, कारण मातीबरोबर सूत्रकृमी, बुरशी आणि किडींची अंडीही प्रवास करतात. केवळ संशोधनासाठी, तिकडच्या वनस्पती संरक्षण खात्याचे अधिकारपत्र आधी हातात असेल तरच ती नेता येते. त्या पत्रासाठी मातीचा जन्मगाव, वजन, पिशव्यांची संख्या, मुक्कामाचा पत्ता, मुक्कामात तिला कोण भेटणार आणि काम संपल्यावर तिचे काय करणार, इतकी माहिती द्यावी लागली. आमच्या घराण्यात एवढी चौकशी स्थळ पाहतानासुद्धा झालेली नाही. माझा व्हिसा आला तरी मातीचे पत्र आले नव्हते, आणि मी देवाला जे नवस बोलले ते सगळे मातीच्या नावाने होते.

मायने बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ आणि दोन किलो येसर, म्हणजे भाजून दळलेली मसालेदार पूड, भरले होते. माती आणि येसर शेजारी शेजारी ठेवणे ही माझी घोडचूक, हे फ्रँकफर्टच्या विमानतळावर उमगले. तेथील अधिकाऱ्याने मातीच्या सहाही पिशव्या पाहिल्या, अधिकारपत्रावरील क्रमांकाशी ताडून घेतल्या आणि आदराने परत केल्या. मग त्याने येसराची पिशवी वर धरली आणि हा सातवा नमुना कागदावर का नाही, असे विचारले. हा खाण्याचा पदार्थ आहे, असे मी सांगितले. त्याने पिशवीचे तोंड उघडून खोल श्वास घेतला आणि त्यानंतर तो सलग चार वेळा शिंकला. पाचव्या शिंकेच्या आधी त्याने मला जाण्याची खूण केली.

माझा मुक्काम गटिंगेन येथे होता. १७३७ साली सुरू झालेल्या विद्यापीठाचे, गाऊस या गणितज्ञाचे हे गाव. येथे नवी डॉक्टरेट मिळवणारे लोक बाजारचौकातील हंसवालीच्या पुतळ्यावर चढून तिचा मुका घेतात. (हे मी घरी फोनवर सांगितले नाही.) भोवतालची माती वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक गाळाची, लोएसची, फिकट तपकिरी आणि स्वभावाने अत्यंत सोशिक. बोटाने दाबली की फुटते, चाळणीत घातली की निमूट खाली उतरते. प्रयोगशाळेतील वेळापत्रक याच मातीच्या अंगवळणी पडलेले होते: नमुना कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढण्यासाठी त्यात वीस मिनिटे राखून ठेवली होती.

आमच्या मातीला दोन दिवस लागले. वाळलेल्या काळ्या ढेकळाला आमच्याकडे दगड म्हणत नाहीत ते केवळ दगडाचा मान राखण्यासाठी. प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ बाईंनी मला पोर्सेलिनचा खल दिला होता. अर्ध्या तासात त्याचा बत्ता माझ्या हातात राहिला आणि खलाला तडा गेला. शेवटी मी जमिनीवर फतकल मारून, वरवंट्याने मिरची वाटावी तशी ढेकळे रगडत बसले, तेव्हा दारातून जाणारा प्रत्येक जण थबकून पाहत होता. माती इतकी काळी आहे, तेव्हा ती सेंद्रिय कर्बाने समृद्ध असणार, असे त्यातील एकाने कौतुकाने म्हटले. त्यांच्याकडे दरवर्षी ‘वर्षाची माती’ जाहीर करतात, आणि २००५ साली हा मान सर्वांत आधी ज्या काळ्या मातीला मिळाला, तिचा काळेपणा खरोखरच ह्यूमसचा, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा असतो. आमची माती बसाल्ट खडक झिजून झालेली. रंग काळा असला तरी तिच्यातला सेंद्रिय कर्ब बहुधा बेताचाच असतो. आपल्याच मातीच्या रंगावर जाऊ नका, असे परक्या माणसाला सांगताना मला उगाच चारचौघांत घरची उणीदुणी काढल्यासारखे वाटले.

खरी परीक्षा पुढेच होती. मातीत चिकणमाती किती, हे मोजताना ती पाण्यात घुसळून एक लिटरच्या उंच नळकांड्यात ठेवतात. वाळू लगेच तळाशी जाते, गाळ सावकाश जातो आणि दोन मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण, म्हणजेच चिकणमाती, तरंगत राहतात. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार, पाण्याचे तापमान वीस अंश असेल तर सुमारे आठ तासांनी दहा सेंटिमीटर खोलीवरून पिपेटने, म्हणजे मोजमापाच्या काचनळीने, पाणी काढायचे असते. तीस अंशाला हेच काम सहा-साडेसहा तासांत होते. म्हणजे थंडीत हातपाय हलवायला नको, ही आमची सवय आमच्या मातीलाही आहे.

त्या दिवशी मी अकरा वाजता घुसळण संपवली, सात वाजता यायचे ठरवले, आणि मधल्या वेळेत खोलीवर जाऊन धपाटे खाल्ले. परतले तेव्हा दार उघडेना. पाहुण्या संशोधकांचे कार्ड संध्याकाळी सहानंतर चालत नाही, हे पहिल्याच दिवशी दिलेल्या नियमावलीच्या नवव्या पानावर लिहिलेले होते, आणि मी आठव्या पानावर झोपले होते. परभणीत मी “मामा, जरा कुलूप काढा” म्हटले असते, आणि मामांनी कुलूप काढून वर चहाही विचारला असता. येथे हाक मारायला मामाच नव्हता. नोव्हेंबरच्या अंधारात, नाकाचा शेंडा बधिर झालेला, मी खिडकीच्या काचेला कपाळ लावून आत पाहत उभी राहिले. टेबलावर रात्रदिव्याच्या उजेडात सहा नळकांडी ओळीने होती, आणि त्यांत आमचे शेत, कोणाचीही वाट न पाहता, स्टोक्सच्या नियमाने खाली बसत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यापासून, सकाळी सात वाजता. यथावकाश उत्तर आले: निम्म्याहून अधिक चिकणमाती, तीही ओल मिळताच फुगणारी आणि वाळताच भेगाळणारी. रविवारी मी हे व्हिडिओवर आबांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, नेटवर्क गेले. मग म्हणाले, “पोरी, हे तर औताच्या बैलालाबी ठावं हाय.”

निघण्यापूर्वी एक काम उरले होते. अधिकारपत्राच्या अटीनुसार उरलेली माती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या भांड्यात, १२१ अंशांवर निर्जंतुक करून नष्ट करावी लागली, आणि ती नष्ट झाल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. सहापैकी तिसरी पिशवी आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यातली होती. ज्या तुकड्याच्या बांधासाठी आबा भावकीशी अकरा वर्षे भांडले, त्यातले साडेतीनशे ग्रॅम मी निळ्या शाईने सोडून दिले. हेही फोनवर सांगितले नाही.

घरी आले तेव्हा हुरड्याचे दिवस होते. आजीने आधी माझे तोंड उघडून दाढा मोजल्या आणि एकही गेली नाही म्हणून समाधानाने आत गेली. आम्ही शेतात गेलो. शेजारच्या गव्हाला पाणी सुरू होते, बांध ओला होता, आणि गटिंगेनमध्ये घेतलेल्या माझ्या बुटांना दहा पावलांत नेहमीचे किलो-किलो वजन आले. आबा आगटीजवळ बसून कणसे भाजत होते. त्यांनी बुटांकडे पाहिले, कणसातला हुरडा चोळून माझ्या ओंजळीत टाकला आणि म्हणाले, “हिच्याजवळ परवाना हाय का, ते इचारून घे आधी.”

मी बूट काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी आगटीजवळ जाऊन बसले.