‘आलोच, पाच मिनिटं’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, वयाचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून काका म्हणतोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही उत्तेजक नशा, घेणाऱ्या पोरांच्या मेंदूतलं घड्याळ पळायला लागतं आणि त्यांचं वेळेचं भान सुटतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. एक, घड्याळ पळत असेल तर ‘आलोच, पाच मिनिटं’ म्हणणाऱ्या पोराला ती पाच मिनिटं तासाभराची वाटायला हवीत आणि तो लवकर घरी यायला हवा. तो तर पहाटे उगवतो, म्हणजे तुमचं शास्त्रच उलटं. दोन, आम्ही चहा-तंबाखूवर यंत्रमागाच्या रात्रपाळ्या काढल्या, आमची वेळ कधी चुकली नाही. तीन, खोटारड्यांना तुम्ही डॉक्टरी चिठ्ठी फाडून देताय.

पहिला आक्षेप सगळ्यांत तिखट आहे. घड्याळ पळतं हे मी हवेतून काढलेलं नाही. ठरावीक सेकंदांनंतर दांडी दाबली की खाऊ मिळतो, हे शिकलेल्या उंदरांना मेथॅम्फेटामिन (एमडीसारखंच उत्तेजक) दिलं की ते वेळेआधीच दांडी दाबायला लागतात. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची वाट अडवणारं हॅलोपेरिडॉल हे औषध दिलं की उशीर करतात. १९८० च्या दशकातले हे प्रयोग आहेत. रिक्षाचं पळतं मीटर समजा: अंतर तेवढंच, आकडा जास्त. इथपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. अशा माणसाला वेळ जास्त गेल्यासारखी वाटायला हवी, आणि वाटतेही. त्याला बँकेच्या रांगेत उभं करून बघा, दोन मिनिटांत कावतो.

पण मीटर कितीही पळालं तरी त्याच्याकडे कुणीतरी बघावं लागतं. लक्ष दुसरीकडे खिळलं की आतली टिकटिक मोजलीच जात नाही. आणि या नशेचा दुसरा गुण नेमका हाच, की ती लक्ष एकाच जागी खिळ्यासारखं ठोकते. १९७० च्या सुमाराला स्वीडनमध्ये रायलँडर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने याची नोंद केली. ॲम्फेटामिनच्या जातीची औषधं घेणारी माणसं तासन्‌तास वस्तू खोलत, लावत, मांडत बसायची. याला ‘पंडिंग’ म्हणतात. हा शब्द रायलँडरला ती औषधं घेणाऱ्यांकडूनच मिळाला.

आपल्याकडचं उदाहरण देतो. त्याच्या आईला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जाणारा पोरगा. जेवणं उरकल्यावर त्याने गॅलरीत चादर अंथरली आणि मोटारसायकलचा कार्ब्युरेटर खोलून बसला. स्क्रू लहान-मोठे असे रांगेने लावले, सुईने जेट साफ केला, सगळे स्क्रू पुन्हा एकत्र केले, पुन्हा रांगेने लावले. आई दारात आली, ‘झोप की रे आता.’ ‘आलोच, पाच मिनिटं.’ ती पुन्हा उठून आली तेव्हा खाली दूधवाल्याची हाक आली होती. पोरगा मान वर न करता म्हणाला, ‘मम्मी, आत्ताच तर सांगितलं की.’ त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता काका. (कार्ब्युरेटर शेवटी पिशवीत भरून मेकॅनिककडे गेला, ते वेगळं.)

एमडीची आणखी एक भानगड आहे. नाकाने ओढली तर तिची किक तास-दोन तासांत उतरते, म्हणून लगेच पुढची ओढायची. रात्रीचे असे तुकडे पडत जातात. झोप नसल्यामुळे काल कुठे संपला आणि आज कुठे सुरू झाला याची रेघच पुसली जाते.

हे फक्त अंगात नशा असतानाच होतं असंही नाही. २००७ साली विटमन नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी कोकेन आणि मेथॅम्फेटामिनच्या व्यसनी लोकांची परीक्षा घेतली. मिनिटाच्या आसपासचा काळ त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटला, आणि दोन कालावधींतला फरक ओळखायला इतरांपेक्षा मोठा फरक लागला. ही चाचणी एमडीवाल्यांवरची नाही, हे खरं. पण त्या दोन्हींसारखी एमडीही डोपामिनच वाढवते, सोबत सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही.

दुसरा आक्षेप. चहा-तंबाखू आणि एमडी एका तराजूत घालू नका. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला तेव्हा आपण सगळ्यांनी ‘माल मुंबईला जातो’ म्हणत पेपर बाजूला ठेवला होता. राहिली तुमची तंबाखू. ती मिळत होती तोवर वेळ चुकली नसेल, पण पुडी संपल्यावर सुट्टीचा भोंगा होईपर्यंतचा शेवटचा तास आठवून बघा. २००३ साली अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्यांना एक दिवस सिगारेटपासून लांब ठेवलं आणि ४५ सेकंदांचा अंदाज विचारला; त्यांना तो काळ बराच लांबलेला वाटला. घाईला येतो, चिडतो, तो माणूस त्या लांबलेल्या वेळेत अडकलेला असतो.

आता चिठ्ठीचं. चिठ्ठीने सुट्टी मिळते, मी सुट्टी कुणाला दिली? त्याच पोराने त्याच आठवड्यात आईला सांगितलं की पगार झालाच नाही. ते शुद्ध खोटं, त्याला मेंदूची सबब नाही. पण ‘पाच मिनिटं’वरून रात्रभर वाद घालायचा आणि पगाराच्या खोट्याकडे काणाडोळा करायचा, असं बहुतेक घरांत चालतं. माझी तक्रार तेवढीच आहे.

शिवाय या व्यसनात पुढचा काळ आखडतो. आज पाचशे की महिन्याने हजार, असं विचारलं तर कोकेन किंवा मेथॅम्फेटामिनचे व्यसनी आजचे पाचशे उचलण्याकडे जास्त झुकतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. काहींचा कल आधीपासून तसा असतो, तो व्यसनाने वाढतो. म्हणून ‘तुला पोरगी कोण देणार’ ही धमकी वाया जाते, ते लग्न त्याच्या लेखी दुसऱ्या जन्मातलं असतं. ‘आज संध्याकाळी सातला गाडीची चावी माझ्या हातात’ हे मात्र पोचतं. अफूच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं आहेत. या उत्तेजकांवर मान्यताप्राप्त औषध अजून नाही. सगळ्यांत चांगला पुरावा ज्या उपचाराचा आहे त्यात लघवी तपासतात आणि ती स्वच्छ निघाली की लगेच, तिथल्या तिथे लहानसं बक्षीस देतात. यावर तुम्ही ‘लाडावून ठेवा’ म्हणाल, माहीत आहे. पण महत्त्व बक्षिसापेक्षा ‘लगेच’ला आहे.

राहिला कायदा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम ६४-अ वाचा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही, आणि उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. तुमच्या गल्लीतल्या ज्या पोराबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याच्या घरच्यांना व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर द्या, पैसे पडत नाहीत.