रॉकेलची राखण

उत्तर आयर्लंडमध्ये 2011 च्या जनगणनेच्या वेळी 62 टक्के घरे तेलावर तापत होती, आणि हे भारदस्त नावाचे 'हीटिंग ऑइल' म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले रॉकेलच, हे मला काउंटी डाउनमधल्या आमच्या घराची किल्ली हातात पडल्यावर कळले. सांगलीला रेशनच्या रांगेत पाच लिटर निळ्या रॉकेलसाठी तासन्‌तास ताटकळलेला मी एकाएकी परसातल्या 1,200 लिटरच्या हिरव्या प्लास्टिकच्या टाकीचा धनी झालो आणि त्याच रात्री माझी झोप उडाली.

त्यात 2022 साली युक्रेनच्या युद्धामुळे तेलाचे भाव भडकले. मी टाकीच्या झाकणाला कुलूप ठोकले, हालचाल दिसताच पेटणारा दिवा बसवला, चोराची पावले वाजावीत म्हणून खडी पसरली आणि सभोवार बर्बेरिसची, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या काटेरी चुलत बहिणीची, झुडपे लावली. या बंदोबस्तात आजवर सापडलेला एकमेव इसम मीच आहे. शेजारचे आजोबा हे सर्व शांतपणे पाहत होते. काम आटोपल्यावर त्यांनी सांगितले की चोर झाकणाच्या वाटेला जातच नाही, तो खालची नळी कापतो.

पुढे भिंतीवरच्या मापकाची एक रेघ वेळेआधीच उतरली, तेव्हा मी बॅटरी घेऊन मध्यरात्री काट्यांत शिरलो. चोर नव्हता, टाकीखालच्या गाळणीच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब पडत होता. हिशेब केला, तर दिवसाला चारेक लिटर, म्हणजे आमच्या रेशनकार्डावरचा जवळजवळ महिन्याचा कोटा! आमची टाकी दुहेरी भिंतीची आहे, आतली फुटली तरी तेल बाहेरच्या टाकीत साठते. पण गळती नेमकी दोन्ही भिंतींच्या बाहेर असल्यामुळे त्या दूरदृष्टीचा काही उपयोग झाला नाही. मी तोटी बंद केली आणि सांध्यात उरलेल्या थेंबांसाठी हाताला लागले ते पातेले खाली लावले. "अहो, ते पुरणाचं पातेलं आहे," असे सौभाग्यवती खिडकीतून म्हणाल्या, तेव्हा फार उशीर झाला होता.

सांधा दुरुस्त झाल्यावर 500 लिटर तेल मागवले. टँकर आला त्या वेळी मी बेलफास्टला ऑफिसात होतो, आणि कुलपाची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. चालक तेल न ओतताच परतला. घरात दोन दिवस आम्ही कानटोप्या घालून जेवलो.

दुसऱ्या खेपेला तो आला, तेव्हा मी सुट्टी काढून, किल्ली हातात धरून फाटकात उभा होतो. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि किल्ली टाकीजवळच्या कुंडीखाली ठेवत जा, गावात सगळे तिथेच ठेवतात, असे सांगितले. आता आमचीही तिथेच असते.