सात टनी कागद

आमच्या दिवाणखान्यातील रणगाडा १८ सेंटिमीटर २ मिलिमीटर लांब असायला हवा होता. तो तेवढा का नाही, हे सांगायचे तर सुरुवात कोल्हापूरच्या महावीर उद्यानापासून करावी लागेल.

उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या बहुतेकांनी तिथला पोलिश स्मृतिस्तंभ पाहिलेला असतो आणि जवळजवळ कोणीच तो वाचलेला नसतो. मीही पाच वर्षे त्याला नुसता वळसा घालत होतो. एके दिवशी गुडघ्याने संप पुकारल्यामुळे त्याच्यासमोर बसावे लागले आणि तेव्हा कुठे लक्षात आले की, दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यातही बहुतांश बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहून गेले. आज आपण जिथे स्वस्त कापड घ्यायला म्हणून जातो आणि महागात पडून परत येतो, ते गांधीनगर त्याच जागेवर उभे आहे. हे सगळे मी मोठ्या उत्साहाने पुण्याच्या चिरंजीवांना फोनवर सांगितले. त्यांनी तितक्याच उत्साहाने पोलंडच्या एका रणगाड्याच्या कागदी प्रतिकृतीची फाइल मला पाठवली आणि खाली लिहिले, “बाबा, तुमचा वेळ जाईल.” वेळ गेलाच, पण तो एकटा गेला नाही.

कागदाची मॉडेल करण्याच्या छंदात पोलंडचा हात धरणारे फार थोडे देश असतील. १९५७ साली तिथे या एकाच छंदाला वाहिलेले मासिक निघाले आणि अंकातले छापील भाग कापून, दुमडून, चिकटवून दोन-तीन पिढ्यांनी जहाजे, विमाने आणि रणगाडे घरातल्या टेबलावर उभे केले. रणगाड्यांसाठी या मंडळींचे आवडते प्रमाण १:२५, म्हणजे खऱ्या वस्तूचे २५ सेंटिमीटर कागदावर १ सेंटिमीटर. माझ्या वाट्याला आलेल्या रणगाड्याचे नाव ‘७टीपी’. यातला सात म्हणजे सात टन आणि टीपी म्हणजे ‘टनी, पोलिश’. प्रत्यक्षात १९३९ साली जर्मनांपुढे तो उतरला तेव्हा त्याचे वजन दहा टनांच्या घरात गेलेले होते. आमच्याकडे दोनशे पानांचा अंदाज धरून काढलेल्या पंगतीतून तीनशे माणसे उठतात, तसलाच हा प्रकार असल्यामुळे मला त्या रणगाड्याविषयी एकदम आपलेपणा वाटला.

फाइल छापून घेण्यासाठी मी एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. जाड कागदावरची पहिली चार पाने निघाली आणि मशीनची शाई संपली. उरलेली पाने मी दुसऱ्या दिवशी नेली. मी पस्तीस वर्षे हिशेब तपासनीस होतो. ताळेबंदात पाच पैशांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत चहाला हात लावत नसे. त्या मी दोन दिवसांची पाने एकमेकांवर ठेवून पाहिली नाहीत, हे इथे नमूद करतो आणि पुढे जातो.

आता कागद नुसता दुमडून रणगाडा उभा राहत नाही. आत आडव्या-उभ्या खाचांत बसणारा पुठ्ठ्याचा सांगाडा लागतो आणि चाकांना जाडी लागते. मी हिशेब केला. ७टीपीचे चिलखत जास्तीत जास्त १७ मिलिमीटर जाडीचे होते; त्याला २५ ने भागले की ०.६८ येते. घरात एवढ्या जाडीचा, ताठ आणि फुकट कागद कोणता, याचा शोध घेत मी कपाटाच्या वरच्या खणापाशी पोहोचलो आणि तिथे गठ्ठाच्या गठ्ठा सापडला. लग्नपत्रिका! दोन पत्रिका फेव्हिकॉलने चिकटवल्या की पोलंडच्या सैन्याचे चिलखत तयार. गेल्या दहा वर्षांतली सगळी शुभमंगले मी निर्धास्तपणे कापायला घेतली. सांगाड्याच्या मधल्या आडव्या फळीवर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ हे शब्द इतके नेमके आले की, त्यावर दुसरा थर चिकटवायला माझा हात धजावला नाही.

खरी परीक्षा चाकांची होती. या रणगाड्याला प्रत्येक बाजूला आठ जोड्या, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून बत्तीस छोटी चाके; प्रत्येकाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर आणि प्रत्येकात पत्रिकेचे तीन थर. थोडक्यात, शहाण्णव गोल चकत्या. कात्रीने मी पहिली बारा चाके कापली, त्यांतली चार अष्टकोनी निघाली, सात षट्कोनी आणि एकाला कोणत्याच भूमितीत नाव नव्हते. शेवटी मी चप्पल लाइन गाठली आणि एका कारागिराला चामड्याला भोक पाडायचा १२ मिलिमीटरचा पंच मागितला.

“कशाला पायजे, साहेब?”

“रणगाड्याच्या चाकांना.”

“बरं,” असे म्हणून त्याने पंच दिला आणि पुन्हा पट्टा शिवायला घेतला. कोल्हापूरचे हे एक फार बरे आहे. इथे कोणाला कशाचे नवल वाटत नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मी दुपारी दोन ते चार या वेळेत पंचावर हातोडी मारत होतो. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन, घरात कोणी चप्पलचा धंदा काढला आहे का, अशी चौकशी करून गेल्या. सौ. त्यांना एवढेच म्हणाली, “चप्पल केली असती तर पायात तरी घालता आली असती.”

तोफेची नळी त्या मानाने सोपी गेली. तोफ ३७ मिलिमीटरची, म्हणजे १:२५ प्रमाणात आतले भोक जेमतेम दीड मिलिमीटर. कागदाची पट्टी गुंडाळायला तेवढ्या जाडीची काडी हवी होती आणि ती देवघरात होती. उदबत्ती जळून उरलेल्या काडीवर मी नळी गुंडाळली, कडेला फेव्हिकॉल लावला आणि काडी अलगद ओढून काढली. तेव्हापासून आमच्या तोफेला मोगऱ्याचा वास येतो.

सांगाड्यावर बाहेरचे कवच बसवायची वेळ आली तेव्हा घोटाळा उघडकीस आला. सांगाडा कवचात मावेना. पुढून बसवला की मागून अर्धा सेंटिमीटर बाहेर आणि मागून ढकलला की पुढे पोट आलेले. मी काचपेपर घेऊन कडा घासल्या, खाचा रुंद केल्या, चिकटवलेले सोडवले आणि अखेर मेव्हण्यांना बोलावले. मेव्हण्यांचे उद्यमनगरात लेथचे दुकान आहे आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असो वा नसो, बारीक मापे घ्यायचा व्हर्निअर असतोच. त्यांनी रणगाड्याकडे पाहिलेदेखील नाही. त्यांनी दोन्ही दिवसांची पाने मागवली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मोजणीसाठी छापलेली १० सेंटिमीटरची रेषा मोजली. पहिल्या दिवसाची रेषा १० सेंटिमीटर भरली आणि दुसऱ्या दिवसाची ९.७.

“दाजी, दुकानदारानं दुसऱ्या दिवशी पानात मावायसाठी चित्र बारीक केलंय. तीन टक्क्याचा खेळ हाय सगळा.”

“तीन टक्केच ना?”

“खऱ्या गाडीत साडेतेरा सेंटिमीटर हुत्यात! माझ्याकडं पोरानं साडेतेरा सेंटिमीटरचा जॉब चुकवला तर मी त्याला दुकानाच्या पायरीवर उभा करीत न्हाई.”

मी माझ्याच घराच्या पायरीकडे पाहिले. सांगाडा तीन टक्के कापून लहान करायचे ठरले आणि दोन रात्री मेव्हणे कामावरून परस्पर आमच्याकडे येऊ लागले. मिसळीसाठी आलो, असे ते सांगत. पण मिसळ गार होत असे आणि ते भिंग लावून खाचा मोजत बसलेले असत.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. कोल्हापूरचा जूनमधला पाऊस ज्याने पाहिलेला नाही, त्याला कागदाला पाणी न लावताही कागद कसा भिजतो हे कळायचे नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. माझी धोका पातळी अर्ध्या मिलिमीटरवर होती आणि ती रोज ओलांडली जात होती. पत्रिकांचे थर फुगले, कवचाला पोक आला, बुरूज एका बाजूला कलला आणि फेव्हिकॉल वाळायचे नावच घेईना. राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी ज्या दिवशी आली, त्या दिवशी मी रणगाडा वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला. घरात त्याहून कोरडी जागा नव्हती. संध्याकाळी सौ. तांदूळ काढायला गेली आणि तिच्या हाती तोफ लागली. त्यावर तिने जे भाष्य केले ते इथे देत नाही.

दोन दिवसांनी तिने विचारले, “अहो, तुमच्या जुन्या साहेबांच्या मुलीचं लग्न उद्याच ना? पत्रिका कुठे ठेवलीय?”

मी गप्प राहिलो. आषाढी एकादशीपूर्वीचा शेवटचा मुहूर्त म्हणून साहेब स्वतः पत्रिका घेऊन घरी आले होते आणि दोन तास बसले होते. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का’, असे त्यांनी आधी फोनवर विचारले होते आणि ‘छापील पत्रिकेचा मान वेगळाच असतो, साहेब’, असे उत्तर मी दिले होते. हस्तिदंती रंगाची, सोनेरी कडेची, सुरेख जाड पत्रिका होती. तिची चाके फार गुळगुळीत झाली होती.

“फोन करून कार्यालय विचारा की,” सौ. म्हणाली.

“ज्या माणसाने दोन तास बसून सांगितले, त्याला आता कोणत्या तोंडाने विचारू?”

मेव्हणे आले. त्यांनी रणगाडा टेबलावर आडवा ठेवला, खिशातून पातळ पाते काढले आणि डावीकडच्या मागच्या जोडीतले पहिले चाक दोन थरांच्या मधून अलगद उकलले. पंधरा दिवस ज्याला मी शिव्या घालत होतो तो न वाळलेला फेव्हिकॉल लोण्यासारखा सुटला. आत ‘आहेर आणू’ एवढेच होते. दुसऱ्या चाकात सोनेरी गणपतीची सोंड. तिसऱ्यात, भिंगाखाली धरल्यावर, स्पष्ट अक्षरांत ‘१२ वा. ४१ मि.’

“मुहूर्त घावला,” मेव्हणे म्हणाले.

चौथ्या चाकात ‘ल कार्यालय’ निघाले. सौ.ने कपाळाला हात लावला, कारण कोल्हापुरात ज्या ज्या जागी लग्न लागते तिचे नाव एवढ्यावरच संपते. मेव्हण्यांनी चकती भिंगाखाली फिरवली, तिच्या डाव्या कडेवर पंचाने कापलेला अक्षराचा काना पाहिला, आणि याचा जोड उजव्या बाजूला असणार, असे म्हणून रणगाडा उलटा केला.