रेट्रो पोस्टर : होतकरूंस चार सूचना

बेळगावात, निपाणीत किंवा खानापुरात तुम्ही एखाद्या संगीत मंडळाचे सभासद असाल आणि तुमच्या घरी लॅपटॉप असेल, तर यंदाच्या मैफलीचे पोस्टर तुम्हालाच करावे लागणार हे गृहीत धरावे. अध्यक्ष एवढेच सांगतील, की पोस्टर ‘जरा रेट्रो’ हवे. रेट्रो म्हणजे नेमक्या कोणत्या सालापर्यंत मागे जायचे, हे त्यांना विचारू नये. आपले कॉलेजचे दिवसही आता त्यातच मोडतात, हे कळल्यावर त्यांचा दिवस वाईट जाईल आणि देणगीची पावती फाडायची राहून जाईल.

आरंभी गुरू निवडावा. गुरू परदेशी असावा आणि हयात नसावा, म्हणजे तक्रार करायला कोणी येत नाही. या दोन्ही अटींत मिल्टन ग्लेसर उत्तम बसतो. न्यूयॉर्कचा हा ग्राफिक कलावंत २६ जून १९२९ रोजी जन्मला आणि २०२० साली २६ जूनलाच, म्हणजे वाढदिवशीच, वारला. १९६६ मध्ये त्याने गायक बॉब डिलनचे एक पोस्टर केले. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची काळी आकृती, डोक्यावर रंगीत वळशांचे केस आणि खाली कोपऱ्यात ‘डिलन’ हा एकच शब्द, एवढाच त्यातला ऐवज. चेहऱ्याची कल्पना आपण फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँच्या १९५७ सालच्या आत्मचित्रावरून घेतली आणि केसांचे वळसे इस्लामी चित्रकलेवरून, हे ग्लेसरने मोकळेपणाने सांगितले होते. त्याची बाकीची कला तुम्हाला उचलता आली तरी ही सवय तेवढी उचलू नये. तुमच्या पोस्टरखाली ‘संकल्पना’ असा शब्द घालून पुढे स्वतःचे नाव घालावे.

यानंतर अडचण येते ती केसांची. डिलनच्या डोक्यावर केसांचे रान होते, म्हणून ग्लेसरला रंग खेळवायला जागा मिळाली. तुमच्या मैफलीचे बुवा सत्तरीतले असतील, डोक्यावर काळी टोपी असेल आणि टोपीखाली जे असेल ते सात रंगांना पुरणारे नसेल. अशा वेळी टोपी काढून तिथे डिलनचेच केस बसवावेत. बुवांना पोस्टर पाहून धक्का बसेल, परंतु त्यांच्या घरचे लोक त्यांना ‘तसे नाही हो, ही आजची पद्धत आहे’ असे समजावून सांगतील. केसांऐवजी तंबोऱ्याच्या चार तारांतून रंग सोडता आले असते, असे कोणी सुचवील. त्यासाठी तंबोरा नीट बघून काढावा लागतो, आणि आपल्याला पोस्टर परवा हवे आहे.

डिलनचे पोस्टर १९६७ मध्ये तबकडीच्या वेष्टनात घालून दिले गेले होते आणि त्याच्या साठ लाखांच्या आसपास प्रती निघाल्याचे सांगतात. तबकडी बारा इंची आणि पोस्टर बावीस इंच रुंद, तेहतीस इंच उंच. तेव्हा ते घडी घातल्यावाचून आत जाणे शक्यच नव्हते. त्या घड्यांच्या पांढुरक्या रेषा आजही जुन्या प्रतींवर दिसतात. तुमचे पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवरून जाणार, तिथे घडी घालायला काहीच नाही, म्हणून घड्या संगणकावर आवर्जून घालाव्यात. दोन आडव्या, एक उभी. एक घडी बुवांच्या नाकावरून जाऊ द्यावी. त्याखेरीज ती अस्सल वाटत नाही.

अक्षरांच्या बाबतीत फार काळजी घ्यावी, कारण हाताने अक्षर काढण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. ग्लेसरने ‘डिलन’ हा शब्द ज्या अक्षरांत लिहिला त्या फॉन्टचे नाव ‘बेबी टीथ’, म्हणजे दुधाचे दात. जाड, ठोकळेदार अक्षरे, आणि त्यातला इंग्रजी ‘ई’ तर घाटाच्या पायऱ्यांसारखा. हा फॉन्ट किंवा त्याची नक्कल उतरवून घ्यावी. त्यात देवनागरी नाही. कन्नडही नाही. तेव्हा शब्द इंग्रजीतच टाकावा आणि वरून एक लांब शिरोरेषा ओढावी. परदेशातल्या भारतीय खाणावळींच्या पाट्या वर्षानुवर्षे याच युक्तीवर चालल्या आहेत. मराठीच हवी असा हट्ट कोणी धरलाच, तर सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्यांची सोय चालू न करता मजकूर चिकटवावा. मग ‘निपाणी’तली पहिली वेलांटी ‘न’ला सोडून ‘प’च्या डोक्यावर जाऊन बसते आणि ‘ज्येष्ठ गायक’ यातल्या ज्येष्ठांचा पाय मोडून हलंत बाहेर येतो. कोणी विचारल्यास हा प्रयोग आहे असे सांगावे.

आता आपल्या भागापुरती एक सूचना. कर्नाटकात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दुकाने आणि आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नड हवे आणि ते वरच्या भागात हवे. पोस्टर म्हणजे नामफलक नव्हे, हा युक्तिवाद कायद्याला धरून असला, तरी तो रात्री साडेदहा वाजता चौकात उभे राहून करायचा नसतो. बैठकीत एक गट म्हणेल मराठी वर, दुसरा म्हणेल कन्नड वर, आणि खजिनदार फूटपट्टी मागवतील. मैफल कुमार गंधर्वांच्या स्मरणार्थ असेल तर पंचाईत आणखी वाढते. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मलेल्या या माणसाने मराठी नाट्यपदे गायिली, माळव्याची लोकगीते गायिली आणि कबीरही गायिला. त्या गाण्याचे भाषावार टक्के काढून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही.

यावर उतारा सॅन फ्रान्सिस्कोत सापडतो. तिथे १९६६-६७च्या सुमारास वेस विल्सन नावाच्या कलावंताने, व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची अक्षरे पाहून, संगीताच्या पोस्टरांवर मेणासारखी वितळणारी अक्षरे काढली, जी वाचायला माणसाला भिंतीपुढे थांबावेच लागे. व्हिक्टर मोस्कोसो याने येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स यांच्याकडे रंग कसे वागतात याचे रीतसर शिक्षण घेतले आणि मग शिकलेले सगळे उलटे करून सारख्याच तेजाचे विरोधी रंग, लालाला लागून हिरवा असे, एकमेकांना भिडवले, की अक्षरे डोळ्यांपुढे थरथरू लागावीत. या दोघांची सरमिसळ करून तुम्ही लिहिलेत, तर मजकूर मराठी की कन्नड हे कोणत्याच बाजूला सांगता येणार नाही आणि शांतता राहील. कार्यक्रम किती वाजता आहे हेही कळणार नाही, पण आपल्याकडे सहाची मैफल सातला सुरू होते, म्हणून त्याने फारसे बिघडत नाही.

छपाईतले दोष मुद्दाम आणणे हे या कलेचे मर्म होय. जुन्या ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चार रंग चार वेगळ्या प्लेटींवरून चढत; एखादी प्लेट केसभर सरकली, की ओठांचा रंग हनुवटीवर यायचा. तो दोष टाळण्यात छापखानेवाल्यांची हयात गेली. तो आता आपण हौसेने करतो. मीही केला आहे. मंडळाच्या एका पोस्टरात मी किरमिजी रंग दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवला, फाईल छापखान्यात दिली आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर यंत्र बंद. साठीच्या घरातले मशिनमन चष्मा कपाळावर चढवून प्लेट सैल करीत होते, पुन्हा आवळीत होते, एक कागद काढून उजेडात धरीत होते. कडेच्या रजिस्टरच्या, म्हणजे रंग जुळवण्याच्या, खुणा एकावर एक तंतोतंत बसत होत्या, आणि चित्र काही केल्या बसत नव्हते. पाऊण तास हे चालले होते. मी खुलासा केला, तेव्हा त्यांनी आधी फाईलकडे आणि मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मुद्दाम? मग आम्ही चाळीस वर्षं काय करालतो?” त्यांना रेट्रो म्हणजे काय ते समजावण्याच्या भरीस मी पडलो नाही, तुम्हीही पडू नये. जाताना त्यांनी वाया गेलेल्या कागदांचे पैसे बिलात लावले, तेवढा मात्र त्यांचा हिशेब जुन्या पद्धतीचा निघाला.

कागद जुनाट दिसण्यासाठी पिवळटपणाचा थर द्यावा. स्वस्त कागदातल्या लिग्निन या लाकडाच्या अंशाला उजेड आणि हवा लागली, की तो आपोआप पिवळा पडतो, पण त्याला वर्षे लागतात. तुमच्या घरी माळ्यावर आजोबांनी जपलेली नाटक कंपन्यांची हँडबिले असतील: अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवून, ट्रेडल या छपाईयंत्रावर छापलेली, मधोमध गायकाचा झिजलेला ब्लॉक, आणि मागच्या बाजूला हात फिरवला तर अक्षरांचे दाब बोटांना लागणारी. ती आधी रद्दीवाल्याला किलोने घालावीत. नंतर परदेशी संकेतस्थळावरून ‘जुना कागद’ या नावाचे चित्र डॉलर मोजून विकत घ्यावे. पाऊसही या कामी फुकट उपयोगी पडू शकला असता, कारण खळीने चिकटवलेले कागदी पोस्टर बेळगावच्या जुलैमध्ये आठवड्याभरात पन्नास वर्षांचे दिसू लागते. परंतु आपण फ्लेक्स लावतो आणि फ्लेक्स म्हातारा होत नाही, फक्त फाटतो.

भाषाही जुनी हवी. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, ते सगळे परत आणावेत. ‘बेळगांव’ आणि ‘गाणें’ तर हवेतच. हात सैल असेल तर ‘मैंफल’ही चालेल. असा अनुस्वार पूर्वी कोणी देत नसे, पण जुन्या गोष्टी तपासायला वेळ असलेला माणूस पोस्टर वाचण्याच्या फंदात पडत नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पोस्टरचे काम चालू असेतो जुन्या गल्ल्यांतून फिरू नये. नाइलाजाने जावे लागलेच, तर मान खाली घालून चालावे, कारण एखाद्या बोळात एखाद्या शिंप्याची पत्र्याची पाटी अजून शिल्लक असण्याचा संभव आहे. मी अशी एक पाटी पाहिली आहे. ऑइल पेंटने रंगवलेली, पोपटी जमिनीवर तांबडी अक्षरे, खाली पिवळी सावली आणि कडेला तोंड उघडलेली कात्री. ‘टेलर्स’मधला ‘ट’ पेंटरने असा काढला होता, की तो आकडा वाटावा की गळ, कळू नये, आणि तरी वाचताना कोणी अडखळू नये. ‘स्पेशालिस्ट’पर्यंत येता येता पत्रा संपल्यामुळे ‘स्ट’ कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मराठीखाली कन्नड ओळ होती. दोन्ही एकाच ब्रशने, एकाच बसणीत लिहिलेल्या. मराठीच्या वेलांटीला जो वळसा होता तोच कन्नड अक्षराच्या माथ्यावरच्या तलकट्टूला होता, आणि त्या दोघांत कोण किती टक्के हे पाहणाऱ्याच्या ध्यानीमनीही येत नव्हते.

अशी पाटी पाहणे घातक का, ते सांगतो. ग्लेसरचे ते दुधाचे दात त्याला मेक्सिको शहरात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या हाताने रंगवलेल्या पाटीवर दिसले होते. तो ‘ई’ ज्या माणसाने काढला, त्याला ती लिपी धड येत नसावी असे ग्लेसरला वाटले. पण अक्षर चोख वाचता येत होते. उरलेली अक्षरे त्याने त्या एका ‘ई’च्या बेताने बसवली. पेंटरचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. तुम्ही जर आपल्या गल्लीतल्या त्या ‘ट’पुढे पाच मिनिटे उभे राहिलात, तर तुम्हालाही बाकीची बाराखडी काढावीशी वाटेल, पोस्टर वेळेत होणार नाही आणि अध्यक्षांना ते रेट्रो वाटणार नाही.

तेव्हा पाटीचा फोटो काढून इंटरनेटवर टाकावा आणि गप्प बसावे. शिंप्याचा मुलगा येत्या दिवाळीला पत्रा उतरवून फ्लेक्स लावणारच आहे. पुढेमागे न्यूयॉर्कचा कोणी कलावंत तो फोटो पाहील, त्यावरून फॉन्ट करील, त्याला नाव देईल, आणि तो इकडे विकायला येईल. त्यावेळी तुमच्या नातवाने तो घ्यावा. पैसे भरण्यापूर्वी त्यात देवनागरी आहे का एवढे पाहून घ्यायला सांगा. नसेल, तर शिरोरेषेची युक्ती वर दिलीच आहे.