एकच रकाना निवडा!

पाणी भूगोलाचं की रसायनशास्त्राचं? संशोधनाच्या अनुदान-अर्जात टिक एकच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल का खाली गेलं हे शोधायचं तर भूशास्त्र हवं, शेती हवी, अर्थशास्त्र हवं, बोअर पाडणाऱ्याशी गप्पाही हव्यात. पण नाही! भूगोलवाले म्हणतात रसायनवाल्यांकडे जा, रसायनवाले म्हणतात हे तर समाजशास्त्र. विभागांचे जिने चढून चढून फायलीलाच आमच्याआधी पीएचडी मिळेल.

आणि पैसा? फेब्रुवारीत येतो, ३१ मार्चपर्यंत संपवा. तापीचा पूर काय मार्चमध्ये मोजायचा?

सगळ्यात भारी ते 'लोकसहभाग'. हा शब्द नसेल तर प्रस्ताव बाद. सहभागी लोकांना चहा पाजला तर बिल बाद. धुळ्याकडे पांझरेकाठी फड पद्धतीत गावकऱ्यांनी शेकडो वर्षं पाणी आपसांत वाटून घेतलं. तिथल्या एका आजोबांनी दुपारभर बांधावर बसून, मातीत काठीने चाऱ्या ओढून सगळं समजावलं. बारा चहा, दोन शेवपुडे. टपरीवाल्याने वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला. त्यावर लाल शेरा : 'जीएसटी क्रमांक नाही. संबंधित तज्ज्ञाची शैक्षणिक पात्रता जोडावी.' पात्रता! चौथी नापास आहेत हो आजोबा. जोडू?

चहाचे पैसे खिशातून गेलेच. आता नवं पत्र आलंय : लोकसहभागाचे फोटो तातडीने पाठवा, बॅनरसकट.