चिरतरुण व्हायचंय? आधी सालं फुंका

चाळिशी उलटली, जिना चढताना गुडघा कुरकुरायला लागला तरी घाबरू नका, म्हातारपण हल्ली फक्त आळशी लोकांना येतं. तुम्ही मी सांगतो तसं करा.

आधी शेंगदाणे भाजा. गार झाले की सुपात घेऊन मस्त चोळा आणि गॅलरीत उभं राहून ती लाल सालं फुंकून टाका, एक साल राहता कामा नये, कूट कसं पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे. त्या सालांत रेस्व्हेरॅट्रॉल, म्हणजे म्हातारपण लांबवतं असा बोलबाला असलेलं द्रव्य, असतं म्हणे, थोडंसंच, पण असतं. असू दे की! आपल्याला ते कॅप्सूलमधनं घ्यायचंय, डबी परदेशातनं येतेय. २००६ ला त्याच्यावर उंदीर जास्त जगले होते. आता ते उंदीर भरपूर चरबी खाऊन जाडे झालेले होते, आणि २००८ ला साध्या खाण्यावरच्या उंदरांचं आयुष्य काही वाढलं नाही, पण एवढं खोलात कोण जातं? त्याच वर्षी ग्लॅक्सो या औषध कंपनीने याच संशोधनातली सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलर मोजून घेतली, २०१३ ला गुंडाळली. तुमची डबी तर काही हजारातच आहे, म्हणजे स्वस्तच.

कांदा चिरताना वरचे दोन पदर बिनधास्त कचऱ्यात. क्वेर्सेटिन, तेही असंच गोळ्यांतनं विकलं जाणारं द्रव्य, तिथेच जास्त असतं, म्हणून तर.

हळदीचं काय सांगू. सांगलीची असो नाहीतर वायगावची, तिच्यातलं गुणकारी म्हणवलं जाणारं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, साधारण ३ टक्के, आणि तेही अंगी फारसं लागत नाही. मिरीतलं पिपरिन सोबत दिलं तर रक्तात २० पट पोचतं, असं १९९८ साली बंगळुरूच्या डॉक्टरांनी आठ-दहा माणसांवर बघितलं, लगेच कॅप्सूलवाल्यांनी मिरी घातली आणि भाव वाढवला. तुमच्या घरची मिरी मागच्या बरणीत जाळी धरून बसलीय, तिला हात लावू नका. या जास्त डोसच्या गोळ्यांनी काहींच्या लिव्हरला सूज आलीय, मग डॉक्टर पहिल्यांदा गोळ्या बंद करायला सांगतात. तुम्ही डॉक्टर बदला.

आणि हो, सालं फुंकताना वाऱ्याची दिशा बघा. आमची सगळी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर जातात. काकू वय वर्षं ८१, तीन जिने चढून भांडायला येतात, धापही लागत नाही.