‘९९९ रुपयांत आयुष्यभराची वेबसाइट’: त्या मेसेजमधला एकेक दावा

‘भावा, दुकान असो वा बचत गट, वेबसाइट फक्त ९९९ रुपयांत! एकदाच पैसे, आयुष्यभर टेन्शन नाय!’ असा मेसेज कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या, भिशीच्या आणि जुन्या शाळासोबत्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरत फिरत तो आत्याच्या बचत गटात पोचला. गट कांदा-लसूण मसाला विकतो. तिथून प्रश्न आला तो ‘हे खरं आहे का?’ असा नव्हे, तर ‘गुगल पे कुठल्या नंबरवर करायचं?’ असा. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मेसेजमधले दावे असे: डोमेन आणि होस्टिंग आयुष्यभर फुकट, ५,००० प्रीमियम थीम आणि प्लगइनांचा पॅक भेट, आठवड्यात गुगलच्या पहिल्या पानावर, ऑनलाइन पेमेंट मोफत, आणि ‘विक्स वगैरे सगळी फसवणूक, वर्डप्रेसच खरं’. (होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, थीम म्हणजे तिचा तयार साज, प्लगइन म्हणजे तिला जोडायचा जादा भाग; विक्स आणि वर्डप्रेस ही साइट बांधायची साधनं.)

आधी ‘आयुष्यभर’ बघू. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कायमचा विकत मिळतच नाही. तो मुदतीवर मिळतो. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते आणि एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचीच नोंदणी होते. डॉट इनचा कारभार निक्सीकडे आहे, तिथेही मर्यादा १० वर्षांचीच. डॉट इनच्या नूतनीकरणाला वर्षाला साधारण ७०० ते ९०० रुपये लागतात. मग ९९९ रुपये घेऊन हा भाऊ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पदरचे पैसे घालणार आहे का? नाही. एक तर तो स्वतःच्या डोमेनखाली तुमच्या नावाची एक फांदी काढून देतो, किंवा डोमेन स्वतःच्या खात्यात घेतो आणि वर्ष संपलं की ‘सर्व्हिस चार्ज’ मागतो.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशा दोन सूचना पाठवणं आयकॅनच्या नियमाने रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीवर, बंधनकारक आहे, पण त्या जातात नोंदवलेल्या ईमेलवर. तो ईमेल विकणाऱ्याचा असेल तर तुम्हाला कळणार ते साइट बंद पडल्यावरच. डॉट कॉम रजिस्ट्रारने खोडून टाकलं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो आणि त्याचा दंड नेहमीच्या फीच्या कितीतरी पट असतो. तोही गेला की नाव बाजारात खुलं. तोवर मसाल्याच्या हजारो पाऊचवर तो पत्ता छापून झालेला असतो.

आणि फुकट होस्टिंगच्या ‘आयुष्याबद्दल’ म्हणाल, तर दस्तुरखुद्द गुगलनेच बिझनेस प्रोफाइलमधून (गुगल मॅपवर दिसते ती दुकानाची नोंद) दुकानदारांना फुकट एकपानी वेबसाइट दिल्या होत्या. त्यांच्या पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असायचं. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत तो पत्ता उघडणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं जायचं, पुढे तेही थांबलं. गुगलने जे टिकवलं नाही ते हा ९९९ रुपयांत टिकवणार!

आता त्या पॅककडे येऊ. सगळा मेसेज एकीकडे आणि हा मुद्दा एकीकडे.

हे पॅक म्हणजे ‘नल्ड’ माल. पैसे देऊन घेण्याच्या थीम आणि प्लगइनमधली लायसन्सची तपासणी उखडून काढायची आणि झिप फाइल वाटायची. यावर हटकून एक उत्तर येतं: ‘वर्डप्रेस जीपीएल आहे, म्हणजे हे कायदेशीरच.’ अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. वर्डप्रेस जीपीएल या खुल्या लायसन्सखाली असल्यामुळे त्यावर बेतलेला पीएचपी भाषेतला कोड एकाने घेऊन दुसऱ्याला देण्यात लायसन्सचा भंग होत नाही. पण तुम्ही ज्याचे पैसे भरता ती गोष्ट कोड नसून अपडेट असते. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशन या प्लगइनमध्ये मोठं भगदाड सापडलं. ते अनेक थीमच्या पोटातच भरून दिलेलं असायचं, त्यामुळे आपल्याकडे ते आहे हेच लोकांना माहीत नव्हतं. त्याच भगदाडातून असंख्य साइट फोडल्या गेल्या. दुरुस्त आवृत्ती निघालेली होती, पण थीमबरोबर आलेलं प्लगइन आपोआप अपडेट होत नव्हतं. नल्ड मालाची हीच अवस्था कायमची असते.

हे झालं निष्काळजीपणाचं. मुद्दाम घातलेलं विष त्याहून वाईट. वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाच्या मालवेअरवर, म्हणजे घातक कोडवर, सविस्तर अहवाल काढला. तो मालवेअर पसरतो तो नल्ड थीम आणि प्लगइनांतूनच, आणि फुकट डाउनलोड देणाऱ्या साइटही त्याच टोळीच्या. थीम चालू केली की त्यातला कोड वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-इन्क्लुड्स फोल्डरमध्ये स्वतःची फाइल ठेवतो, इतर सगळ्या थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपीमध्ये घुसतो आणि त्याच होस्टिंग खात्यातल्या शेजारच्या साइटवरही पोचतो. मेसेजवाला एका खात्यात किती गिऱ्हाइकं कोंबत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. एकाला लागण झाली की सगळ्यांना. पुढची गंमत बघा: लागण झालेल्या साइटवर त्या टोळीच्या डाउनलोड साइटकडे जाणाऱ्या लिंक घातल्या जातात, म्हणजे गुगलमध्ये त्यांचा नंबर वर जातो आणि नवीन बकरे मिळतात. थोडक्यात, मसाल्याची वेबसाइट चोरांची जाहिरात करत बसते, तीही आपल्या खर्चाने.

‘थीम काढून टाकली की झालं’ हेही चालत नाही, कारण तोवर कोड बाहेर पसरलेला असतो. ओळखायचं कसं? गुगलमध्ये site: आणि त्याला चिकटून आपलं डोमेन असं इंग्रजीत टाइप करा. जपानी अक्षरांतली किंवा गोळ्या-औषधांची पानं दिसली तर घरात पाहुणे शिरलेत. स्वतः लॉगिन करून बघितल्यावर काही दिसेलच असं नाही. असा कोड अनेकदा मालकाला काही दाखवत नाही, फक्त गुगलवरून आलेल्या माणसाला भलतीकडे ढकलतो. म्हणून मोबाइलवर, लॉगिन न करता, गुगलमधून आपल्या साइटवर जाऊन बघा.

सफाई अशी. आधी होस्टिंग, डेटाबेस आणि वर्डप्रेस या तिन्हींचे पासवर्ड बदला. डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लुड्स हे दोन्ही फोल्डर काढून वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून उतरवलेले ताजे टाका. थीम आणि प्लगइन सगळी उडवून अधिकृत जागेवरून पुन्हा घ्या. अपलोड्स फोल्डरमध्ये फक्त फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. तिथे एकही पीएचपी फाइल दिसली तर ती उडवा. यूझरच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहे का बघा. wp-config या सेटिंगच्या फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदला, म्हणजे आधीची सगळी लॉगिन तुटतात. शेवटी सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात सुरक्षेच्या रकान्यात जाऊन फेरतपासणी मागा. पासवर्ड तेच ठेवून नुसती सफाई केली तर पाहुणे मागच्या दाराने परत येतात.

‘आठवड्यात पहिल्या पानावर’: पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगलनेच स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. राजारामपुरीतल्या दुकानाला वेबसाइटपेक्षा गुगल बिझनेस प्रोफाइल आधी उपयोगी पडतं, आणि ते फुकट आहे. विषय संपला.

‘ऑनलाइन पेमेंट मोफत’: पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या, साधारण २ टक्के घेतात, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी. हजाराच्या ऑर्डरवर २३ रुपये ६० पैसे. तुमचा क्यूआर कोड पानावर चिकटवला तर तेही वाचतात, पण मग कुणाचे पैसे आले याचा ताळमेळ हाताने लावायचा. आणि आपल्याकडचा खास घोळ: कागलच्या पुढे निपाणी म्हणजे कर्नाटक. आपल्याला ती शेजारची पेठ वाटते, पण जीएसटीच्या लेखी करपात्र माल तिकडे विकणं म्हणजे आंतरराज्य विक्री. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे. ती सोडली तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. ‘देशभर डिलिव्हरी’चं बटण दाबण्याआधी सीएला एक फोन करा.

राहिला विक्सचा मुद्दा. इथे मेसेजमध्ये एक दाणा खरा आहे. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते. फुकट प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात आणि त्यांचाच पत्ता. शॉपिफाय या ऑनलाइन दुकान थाटून देणाऱ्या सेवेचंही गणित नीट बघा: भारतात बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि त्यावर प्लॅननुसार शॉपिफायची टक्केवारी वेगळी, गेटवेची वेगळी. पण याला फसवणूक म्हणत नाहीत. अटी लिहिलेल्या असतात, आपण वाचत नाही. पाच पानांची साइट पुन्हा टाइप करायला एक रविवार पुरतो. दोनशे वस्तूंचं दुकान असेल तर मात्र बाहेर पडायची वाट आधी बघावी.

वर्डप्रेस फुकट आहे, पण ते ठेवायला जागा लागते. जाहिरातीत समजा ‘महिना १४९’ दिसतं, तर बिल ४८ महिन्यांचं येतं: ७,१५२ रुपये, जीएसटी धरून ८,४३९. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो आणि बराच जास्त असतो; तोच दर खरा धरा. शिवाय आठवड्याला अपडेट बघणं आणि अपड्राफ्टप्लससारख्या प्लगइनने गुगल ड्राइव्हवर बॅकअप पाठवणं हे काम कुणाच्या तरी गळ्यात घालावंच लागतं. बचत गटात ते कोण करणार हे ठरत नसेल, तर वर्डप्रेस घेऊ नये.

मग नवख्याने घ्यायचं काय? डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतःच्या यूपीआयने घ्यायचं. खर्च एवढाच. साइट ब्लॉगरवर किंवा गुगल साइट्सवर. दोन्ही गुगलच्या, दोन्ही फुकट, दोन्हींना स्वतःचं डोमेन जोडता येतं. तीही उद्या गुगलने बंद केली तरी डोमेन आपलं राहतं, पत्ता तोच ठेवून मुक्काम हलवता येतो. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये कस्टम डोमेन टाकताना पुढे तीन डब्ल्यू लावा. नाही लावले की एरर येते आणि लोक तिथेच सोडून देतात. मग ब्लॉगर दोन सीनेम रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कुठे वळवायचं त्याच्या नोंदी, देतो; त्या डोमेन कंपनीच्या खात्यात डीएनएसच्या रकान्यात जशाच्या तशा भरायच्या. डोमेन कंपनीने आधीच भरून ठेवलेले पार्किंगचे रेकॉर्ड काढायला विसरू नका; बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, चालू करा. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

खरेदीची गाडी म्हणजे कार्ट इथे नाही, पण पाच-सात प्रकारच्या मसाल्यांना ती लागतही नाही. प्रत्येक वस्तूखाली व्हॉट्सॲपची लिंक पुरते. तिच्यातला नंबर म्हणजे ९१ आणि पुढे मोबाइलचे दहा आकडे, एवढंच. अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचा शून्य घातला की लिंक चालत नाही. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो रुंदीला १,२०० पिक्सेल करून दोनशे केबीच्या आत आणा.

मराठी मजकुराचं कोणीच सांगत नाही म्हणून सांगतो. पाऊचचा मजकूर प्रेसवाल्याने श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत केलेला असतो. तो तसाच पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवरच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ नीट तपासा, गडबड तिथेच होते. फॉन्ट मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. बऱ्याच तयार थीममध्ये मथळ्यांच्या अक्षरांत अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीला ते शोभतं, मराठीत शिरोरेघ तुटून ‘म सा ला’ असं दिसतं. ते अंतर शून्य करा. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर टाकताना टक्क्यांच्या चिन्हांची हातभर माळ तयार होते.

पैसे आधीच भरले असतील तर डोमेन कुणाच्या खात्यात आहे ते विचारा. डॉट कॉम नवीन असेल तर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, पण त्याच कंपनीत तुमचं खातं उघडून त्यात सरकवता येतं. तेवढं करून मागा. वर्डप्रेस असेल तर ॲडमिन लॉगिन घ्या आणि टूल्समधून एक्स्पोर्ट काढा. त्या फाइलमध्ये मजकूर येतो, फोटो येत नाहीत. मूळ फोटो मोबाइलवरून पुसू नका. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन नंबरच बंद केला असेल तर सायबर फसवणुकीचा १९३०, आणि तो त्याच दिवशी. फोन करताना मेसेजचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा.